'खुकरी'च्या १९४ जणांचे स्मरण

(नौदल दिनाच्या निमित्ताने एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



डिसेंबर उजाडला की आपल्याकडे नौदलाची आठवण निघते. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली त्या तारखेच्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीच्या तोंडाशी जाऊन भिडल्या. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली, 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडाली, 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज तळाला गेले. चारच दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, 'त्रिशूल' आणि 'तलवार' यांच्या सोबतीने 'विनाश'ने पुन्हा कराची गाठली आणि केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे, आणि तो पाठ असावा असाच आहे.

संयोजकांनी मला सुचवलेला विषयही 'कराचीवरील धडक' हाच होता. मी त्यांना विनंती केली की, यंदा दिनदर्शिकेत आणखी पाच दिवस पुढे जाऊ या. केमारीच्या टाक्या पेटल्या त्याच्या दुसऱ्याच रात्री, ९ डिसेंबरला, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर आपली 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. १९४ जण! स्वतंत्र भारताच्या नौदलाने शत्रूच्या हातून युद्धात गमावलेली ती एकमेव युद्धनौका आहे. विजयाच्या त्या तेरा दिवसांच्या कथेत हे पान आले की आपण थोडे चाचरतो, कॅप्टन मुल्लांच्या हौतात्म्याचा एक परिच्छेद वाचतो आणि घाईने १६ डिसेंबरकडे, ढाक्याच्या शरणागतीकडे वळतो. आज मला त्या पानावरच थांबायचे आहे.

प्रथम या नौकेची ओळख करून घेऊ. ब्रिटनमध्ये काउझ येथे जे. सॅम्युएल व्हाइट या जहाजबांधणी कंपनीच्या गोदीत 'खुकरी' बांधली गेली. नोव्हेंबर १९५६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि जुलै १९५८ मध्ये आपल्या नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ९४ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानात सहज मावेल एवढी. पूर्ण भारासह वजन सुमारे साडेचौदाशे टन. तिच्याबरोबरच्या आणखी दोन नौका 'कृपाण' आणि 'कुठार'. या तिघींचा मिळून चौदावा फ्रिगेट ताफा. नावे पाहा: गोरख्यांची खुकरी, शिखांची कृपाण आणि कुठार म्हणजे परशू, ज्याची आठवण कोकणातल्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. नावे ठेवणाऱ्याने तीन पाती निवडली होती. प्रत्यक्षात मात्र या पात्यांची लांबी फारच थोडी होती, आणि पुढच्या सगळ्या कथेचे मूळ तिथे आहे.

या वर्गाच्या नौका ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्या खर्चात अधिक संख्येने बांधता याव्यात, या हिशोबाने आखल्या होत्या. काम एकच, पाणबुडी शोधणे आणि मारणे. शोधण्यासाठी सोनार. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि पाणबुडीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. मारण्यासाठी 'लिंबो' नावाच्या दोन तोफा, ज्या पाण्याखाली फुटणारे गोळे पुढे फेकत. हे गोळे फार तर ९०० मीटरपर्यंत जात. पाणबुडीचा टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, मात्र कित्येक किलोमीटरवरून येऊ शकतो. थोडक्यात, शिकाऱ्याचा हात आखूड आणि सावजाचा लांब, असा हा सामना होता.

त्यात अरबी समुद्राचा स्वभाव. समुद्राचे वरचे पाणी कोमट, खालचे गार. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनी सरळ न जाता वळतो, काठी पाण्यात बुडवली की वाकलेली दिसते तसे समजा. त्या थराखाली शांतपणे उभी असलेली पाणबुडी वरच्या नौकेला ऐकू येत नाही. तिला मात्र वरच्या नौकेच्या पंख्यांची आणि इंजिनांची धडधड फार दुरून ऐकू येते.

पाकिस्तानने फ्रान्सकडून घेतलेल्या 'दाफ्ने' वर्गाच्या पाणबुड्या त्या काळात नव्या होत्या. त्यांतली एक 'हँगोर'. तिचा कमांडर अहमद तस्नीम. युद्ध जाहीर होण्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, ती कराचीहून निघाली होती. तिने वरिष्ठांना पाठवलेले बिनतारी संदेश आपल्या किनाऱ्यावरील केंद्रांनी पकडले आणि दिशा काढली. पाणबुडी दीवच्या आसपास आहे एवढे कळले. कराचीवर चालून जाणाऱ्या आपल्या ताफ्याच्या वाटेवर असे संकट मोकळे सोडणे शक्य नव्हते. चौदाव्या ताफ्याला हुकूम सुटला. बॉयलरच्या अपघातामुळे 'कुठार' कामातून गेली होती. ८ डिसेंबरला मुंबईहून दोघीच निघाल्या, पुढे 'खुकरी', सोबत 'कृपाण'.

'खुकरी'वर एक प्रयोगही चालू होता. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण विद्युत-अभियंता अधिकाऱ्याने सोनारची ऐकण्याची कक्षा वाढवणारे एक उपकरण तयार केले होते आणि त्याची चाचणी घेण्यासाठी ते स्वतः नौकेवर होते. आयात केलेल्या यंत्राचे दोष आपल्या बुद्धीने दूर करू पाहणारा हा तरुण अधिकारी. स्वदेशीचा उच्चार आपण व्यासपीठावरून करतो, हा मनुष्य ती उपकरणाच्या पेटीत घालून समुद्रावर घेऊन गेला होता. परंतु या उपकरणाला नीट ऐकू यावे म्हणून नौकेने संथ चालणे आवश्यक होते. आणि पाणबुडीच्या मुलखात संथ चालणारी नौका हे सोपे लक्ष्य असते. उपकरण आणि नौका ही दोन्ही त्या रात्री गेली. लेफ्टनंट जैनही परतले नाहीत.

९ डिसेंबरची संध्याकाळ. 'हँगोर'ला या दोन नौकांची चाहूल बऱ्याच वेळेपूर्वी लागली होती आणि ती त्यांच्या मार्गात जाऊन दबा धरून बसली होती. रात्रीचे पावणेनऊ होत आले होते. आकाशवाणीच्या बातम्यांची ती वेळ. युद्धाच्या दिवसांत ही वेळ घराघरांत जशी पाळली जाई, तशीच नौकेवरही. कामावर नसलेले नौसैनिक रेडिओभोवती जमलेले. त्याच सुमारास पाणतीर 'खुकरी'वर आदळला.

नौका बुडायला लागलेला वेळ सुमारे दोन मिनिटे.

आपण सभेत श्रद्धांजली वाहताना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. त्यातही कोणी खोकतो, कोणी घड्याळ पाहतो. तेवढ्याच वेळात साडेचौदाशे टनांची नौका पाण्याखाली गेली. तिच्या पोटातली रचना डोळ्यांसमोर आणा. वीज गेलेली, मिट्ट काळोख. नौका कललेली, म्हणजे जमीन भिंत झालेली आणि भिंत जमीन. वर येण्यासाठी अरुंद लोखंडी शिड्या आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढी तोंडे. युद्धाच्या काळात नौकेतली दारे आणि झाकणे बंद ठेवतात, कारण एका खोलीत पाणी शिरले तर ते दुसरीत जाऊ नये. नौका वाचवणारी हीच दारे, नौका वाचणार नसेल तेव्हा माणसांना आत कोंडतात. इंजिन-खोलीत आणि बॉयलरजवळ जे कामावर होते, त्यांच्यापर्यंत 'नौका सोडा' हा हुकूम पोहोचला असेल का, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

वर ब्रिजवर, म्हणजे जिथून नौका चालवली जाते त्या उंच कक्षात, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला होते. १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे जन्मलेले, मूळ काश्मिरी पंडित घराण्यातले. (मुल्ला हे आडनाव ऐकून अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगितले; ते काश्मिरी पंडितांमध्ये आढळते.) १९४६ च्या जानेवारीत ते मिडशिपमन म्हणून तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले, १९४८ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. कायद्याची त्यांना उत्तम जाण होती. नौदलाच्या लष्करी न्यायालयात आरोपी नौसैनिकाची बाजू मांडायला ते उभे राहत. उर्दू शायरीची त्यांना आवड होती. ४५ वर्षांचा हा मनुष्य त्या दोन मिनिटांत काय करत होता, हे वाचलेल्यांनी सांगितले आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी या वाचलेल्यांच्या हकीकती गोळा करून २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव आहे त्यांनी ते पुस्तक जरूर मिळवावे.

मुल्लांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला. जवळच्या अधिकाऱ्यांना त्यांनी स्वतः ढकलून पाण्यात पाठवले. स्वतःचे लाइफ जॅकेट त्यांनी एका नौसैनिकाला दिले. तुम्हीही चला, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. महावीर चक्राच्या मानपत्रात नोंद अशी आहे की, जितक्यांना नौकेबाहेर काढता येईल तितक्यांना काढल्यावर, आणखी कोणाला वाचवता येते का हे पाहण्यासाठी ते ब्रिजवर परत गेले आणि नौकेबरोबर खाली जाताना शेवटचे दिसले.

आता मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. मराठीत या प्रसंगावर जे काही लिहिले जाते, त्यात 'जलसमाधी' हा शब्द हमखास येतो. 'खुकरीने जलसमाधी घेतली', 'मुल्लांनी नौकेसह जलसमाधी स्वीकारली'. शब्द सुंदर आहे, पवित्र आहे, म्हणूनच तो हाताशी सहज येतो. परंतु समाधी म्हणजे काय? आळंदीला ज्ञानोबांनी घेतली ती समाधी. अवतारकार्य संपले, आता थांबायचे, असा पूर्ण जाणिवेने केलेला तो निर्णय. मुल्लांचे कार्य संपले होते काय? मानपत्रच सांगते की ते संपले नव्हते. माणसे अजून खाली होती, म्हणून ते परत फिरले. कप्तानाने नौकेबरोबर बुडावे असा नौदलाचा नियम नाही. कप्तानाने सर्वांत शेवटी नौका सोडावी, हा संकेत मात्र आहे, आणि 'सर्वांत शेवटी' या शब्दांचा जो अर्थ त्यांनी घेतला त्याप्रमाणे त्यांची पाळी आलीच नाही. ज्या माणसांची जबाबदारी त्यांच्यावर होती ती सर्व बाहेर आली असती, तर मुल्लाही आले असते, असे मानायला माझे मन धजते. मृत्यूला मिठी मारायला ते गेले नाहीत, ते कामावर गेले. यात त्यांची थोरवी तसूभरही उणी होत नाही. उलट रोजच्या कर्तव्याशी तिचे नाते जोडले जाते.

आणि खालचे? ते १७६ नौसैनिक आणि बाकीचे अधिकारी? त्यांना तर निवडीचा क्षणही मिळाला नाही. बॉयलरजवळ घाम गाळणारा, स्वयंपाकघरात रात्रीची भांडी आवरणारा, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ पाळीवर उभा असलेला, रेडिओला कान लावून कराचीची बातमी ऐकणारा... त्यांच्या मरणाला समाधी म्हटले की ते मरण शांत वाटू लागते. ते शांत नव्हते. ते अंधारात, तेलात, गळ्यापर्यंत चढणाऱ्या पाण्यात आले. आपल्याच सोयीसाठी आपण त्यावर एक मखमली शब्द पांघरतो, असे मला वाटते.

हे सैनिक देशाच्या कानाकोपऱ्यांतून आले होते. त्यांच्या घरी काय झाले असेल, याचा विचार करा. रणभूमीवर पडलेल्या सैनिकाचा देह येतो, निदान अस्थी येतात, गाव लोटतो, अंत्ययात्रा निघते. समुद्रात गेलेल्याचे काहीच येत नाही. येते ती तार. देह सापडला नाही तर आपल्याकडे पालाशविधी सांगितला आहे; पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा. शास्त्रकारांनी ही सोय केली, कारण देहावाचून दुःखाला टेकायला जागा मिळत नाही हे त्यांना कळत होते. पण ज्या आईच्या मनाने तारच मान्य केली नाही, तिला पळसाची पाने काय समजावणार? कोणत्या तरी बेटाला लागला असेल, कैदी म्हणून कराचीत असेल, अशी आशा समुद्रात गेलेल्यांच्या घरांत किती वर्षे तग धरते, हे कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांना विचारा. त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

जे वाचले ते ६७ जण. सहा अधिकारी आणि ६१ नौसैनिक. तेलाने माखलेल्या पाण्यात, तराफ्यांवर आणि तराफ्यांना धरून त्यांनी डिसेंबरची रात्र काढली. सकाळी 'कच्छल' आणि 'कृपाण' यांनी येऊन त्यांना उचलले.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो टाळणे बरे नव्हे. 'कृपाण' जवळच होती, मग ती लगेच का थांबली नाही? तिच्यावरही पाणतीर सोडला गेला होता आणि ती तिथून दूर निघून गेली. यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले, काहींनी कठोर शब्द वापरले. मी नौदलातला नाही, निकाल देण्याचा अधिकार माझा नाही. पण एक जुनी घटना सांगतो. २२ सप्टेंबर १९१४ रोजी उत्तर समुद्रात 'अबूकीर' या ब्रिटिश युद्धनौकेला जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला. सोबतच्या 'हॉग'ने माणसे उचलण्यासाठी गती कमी केली, तीही बुडाली. मग 'क्रेसी' थांबली, तीही बुडाली. एकाच पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन मोठ्या युद्धनौका आणि १,४५० च्या आसपास माणसे घेतली. त्या दिवसापासून जगभरच्या नौदलांत एक निष्ठुर धडा शिकवला जातो की, पाणबुडी जवळ असताना बुडणाऱ्यांसाठी थांबू नये. पाण्यात हात हलवणाऱ्या सोबत्याकडे पाठ करून जाण्याचा निर्णय ज्याला त्या अंधारात घ्यावा लागला, त्याच्या जागी खुर्चीत बसून स्वतःला कल्पणे सोपे नाही.

दुसरा प्रश्न मात्र अधिक मूलगामी आहे. आखूड हाताच्या, १९५० च्या दशकातल्या आखणीच्या दोन नौकांना, नव्या पाणबुडीवर, संथ गतीने का पाठवले गेले? काही मंडळींना असे प्रश्न आवडत नाहीत. हुतात्म्यांच्या बाबतीत चिकित्सा कसली, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्याच परंपरेकडे पाहा. पानिपतावर आपले लाख लोक गेले असे आपण म्हणतो. त्या प्रसंगावर आपल्या बखरकारांनी आणि पुढे इतिहासकारांनी किती निर्भयपणे लिहिले! कोणाचा सल्ला मानला, कोणाचा डावलला, बुणगे का नेले, रसद का तुटली... अडीच शतकांहून अधिक काळ आपण हा हिशोब मांडत आहोत. त्यामुळे भाऊसाहेबांचे किंवा विश्वासरावांचे तेज कमी झाले काय?

आपल्या नौदलानेही ही चर्चा दडपलेली नाही, याचे मला समाधान आहे. व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी हे १९७१ साली पश्चिम ताफ्यावर मोहिमांची आखणी पाहणारे अधिकारी होते. त्यांनीच पुढे नौदलाचा इतिहास लिहिला आणि १९६५ ते १९७५ या दशकावरील खंडात 'खुकरी'विषयी परस्परविरोधी मते मांडली. संथ गतीचा निर्णय चुकला म्हणणारे त्यात आहेत, युद्धात जे हाताशी असते त्यानिशीच लढावे लागते असे म्हणणारेही आहेत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाणबुडीला वरून शोधणारी 'सी किंग' हेलिकॉप्टरे आपल्याकडे १९७१ मध्येच, युद्धाच्या जेमतेम काही महिने आधी, येऊ लागली होती. ती पाच वर्षे आधी आली असती तर? हा प्रश्न 'खुकरी'च्या कप्तानाला विचारायचा नाही. तो संरक्षणाच्या तरतुदीला अनुत्पादक खर्च समजणाऱ्या धोरणकर्त्यांना आणि अशा धोरणांवर कधीही प्रश्न न विचारणाऱ्या तुम्हा-आम्हा नागरिकांना विचारायचा आहे.

शत्रूच्या कौशल्यालाही कौशल्य म्हणावे लागेल. तस्नीमने संयमाने वाट पाहिली, योग्य क्षणी मारा केला आणि पुढचे काही दिवस आपल्या नौका-विमानांनी घेतलेल्या कसून शोधाला चुकवून तो पाणबुडीसह कराचीला परतला. पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा 'हँगोर दिन' म्हणून पाळते. ती जुनी पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. एवढेच नव्हे, चीनकडून पाकिस्तान ज्या आठ नव्या पाणबुड्या घेत आहे त्या वर्गाला नाव दिले आहे 'हँगोर'. त्यांतली पहिली एप्रिल २०२४ मध्ये चीनमध्ये पाण्यात सोडली गेली. ते विसरलेले नाहीत, एवढे आपण लक्षात घ्यावे.

आपण काय केले? पुष्कळ केले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुंबईत माझगाव गोदीने बांधलेली नवी 'खुकरी' ऑगस्ट १९८९ मध्ये नौदलात आली. बुडालेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला द्यायचे, ही नौदलाची रीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत, तिच्याच जातीची. नवी 'खुकरी' ३२ वर्षे राबली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी सन्मानाने निवृत्त झाली. १९९९ मध्ये दीवला समुद्राकडे तोंड करून स्मारक उभे राहिले. काचेच्या पेटीत जुन्या नौकेची प्रतिकृती आहे. २००० साली टपाल खात्याने कॅप्टन मुल्लांचे तिकीट काढले. मुंबईत कुलाब्याच्या नौदलनगरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे.

पाणबुडीविरोधी बळाचे काय, हा प्रश्न राहतो. 'कामोर्ता' वर्गाच्या चार नौका २०१४ ते २०२० या काळात आल्या, कोलकात्याच्या गोदीत बांधलेल्या. आणि १८ जून २०२५ रोजी उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या सोळा नौकांच्या मालिकेतली पहिली नौका दाखल झाली. तिचे नाव 'अर्नाळा'. वसईजवळचा तोच अर्नाळा, जिथला जलदुर्ग चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या काळात, १७३७ साली, मराठ्यांनी बांधून काढला. उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या किल्ल्याचे नाव पाण्याखालच्या शत्रूवर पहारा ठेवणाऱ्या नौकेला मिळाले. 'खुकरी'ला जे हवे होते ते अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, आपल्याच गोद्यांतून, येऊ लागले आहे. उशीर झाला, हे म्हणायलाच हवे.

माझी एक तक्रार उरते, ती आपणा सर्वांविरुद्ध आहे. मुल्लांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. उरलेल्या १९३ जणांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात किती जण सांगू शकतील? हात वर करा असे मी म्हणणार नाही. कर्णधाराचे चरित्र लिहिणे सोपे असते, कारण त्याच्याविषयी लिहिलेले सापडते. नौसैनिकाविषयी सापडते ते सेवापुस्तकातल्या दोन ओळी. परंतु ज्या माणसांसाठी मुल्ला ब्रिजवर परत फिरले, ती माणसे विसरून मुल्लांना अभिवादन करणे त्यांना स्वतःला रुचले असते काय? लष्करी न्यायालयात ज्याची बाजू घ्यायला कोणी नसे त्या नौसैनिकाच्या बाजूने उभा राहणारा हा अधिकारी होता.

म्हणून एक सूचना करतो. पश्चिम नौदल कमांडचे ठाणे मुंबईत आहे, 'खुकरी' निघाली ती मुंबईहून. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातून नौदलात जाणारी घराणी आजही आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात चौकशी करावी. या १९४ जणांपैकी कोणाचे घर आपल्या भागात आहे का, वाचलेल्या ६७ पैकी कोणी आपल्या भागात राहिले होते का. १९७१ ला अर्धशतक उलटून गेले. त्या वेळी विशीत असलेली पत्नी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्याजवळ पत्रे असतील, एखादे छायाचित्र असेल, जहाजावरून आलेला शेवटचा निरोप असेल. ते ऐकायला आता फार वर्षे हाती नाहीत. सत्काराचे हार आणि शाल घेऊन जाऊ नका. वही घेऊन जा, बसा, ऐका आणि घरच्यांची संमती असेल तेवढेच लिहून घ्या.

आणि आपल्यापैकी पुष्कळ जण सोमनाथाला जातात. ज्योतिर्लिंगाचे दर्शन झाले की मंडळी द्वारकेच्या गाडीत बसतात. सोमनाथाहून दीव दोन-अडीच तासांवर आहे. १५०९ मध्ये पोर्तुगीजांनी ज्या किनाऱ्यासमोर आरमारी युद्ध जिंकून पश्चिम समुद्रावर वर्चस्व मिळवले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये ज्याच्या मुक्तीसाठी आपली 'आयएनएस दिल्ली' तोफा डागत उभी राहिली, तोच हा किनारा. स्मारकाच्या टेकडीवर जा. निवृत्त झालेली दुसरी 'खुकरी' जानेवारी २०२२ मध्ये दीवच्या प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवली गेली, तीही पाहा. मुलांना बरोबर न्या. वरच्या डेकवर तोफेजवळ छायाचित्रे काढून झाली की, जिथपर्यंत जाऊ देतील तिथपर्यंत त्यांना आतल्या शिड्या उतरायला सांगा, आणि मग तितक्याच पायऱ्या परत चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा.